इटलींतील मुक्काम : एका यादीची छाननी

मंडळाच्या एका सभासद-मित्रांस येत्या मे महिन्यांत एकवीस दिवसांची सुट्टी इटलींत घालवावयाची आहे. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनीं त्यांच्या हातीं जी यादी दिली, तींत रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस हीं तीन शहरें ठळक अक्षरांत आणि नेपल्स, पाँपेई, काप्री बेट व व्हेरोना हीं 'सवड असल्यास' म्हणून बारीक अक्षरांत आहेत. ही यादी त्यांनीं आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविली व यांतलें काय गाळावें आणि काय घालावें एवढेंच विचारलें. प्रश्न एका ओळीचा आहे. पण उत्तर लिहूं लागतांच आमच्या असें ध्यानांत आलें कीं, ही यादी हाच एक जुना कागद आहे. तिच्यावर मिति नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, आणि नकलेवरून नक्कल होत होत ती आजपर्यंत आलेली आहे. असा कागद पुढें आला म्हणजे तो कोणीं, केव्हां व कोणत्या कारणानें लिहिला हें आपण प्रथम पाहतों, आणि मग त्यावर विश्वास किती ठेवावा तें ठरवितों. इटलींतील मुक्कामांच्या यादीस तीच कसोटी लावून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

ज्या यादीस निश्चित काल आहे अशी एक फार जुनी यादी इ. स. ९९० ची उपलब्ध आहे. कॅंटरबरीचा मुख्य धर्माधिकारी सिजेरिक हा पोपाच्या हातून आपलें अधिकारवस्त्र घेण्यासाठीं रोमला गेला होता. परतीच्या वाटेवर रोमपासून इंग्लंडच्या समोरच्या समुद्रकांठापर्यंत झालेल्या ७९ मुक्कामांचीं नांवें त्याच्या पदरच्या कोणीं लेखकानें टिपून ठेविलीं. ही नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत, कॉटन संग्रहांतील एका हस्तलिखितांत आहे. तीवरून सिजेरिकानें रोममध्यें तेवीस देवस्थानें पाहिलीं आणि मध्यंतरीं पोप पंधरावा जॉन याच्या पंक्तीस तो जेवला हें समजतें. मुक्कामांत सियेना आहे, लुक्का आहे, पाव्हिया आहे, आओस्ता आहे. फ्लॉरेन्स मात्र नाहीं. हा लेखकाचा नजरचुकीचा दोष नव्हे. लोंबार्ड राजांच्या अमलांत पूर्वेकडील वाटा बायझंटाइन सत्तेच्या मुलखाजवळून जात, म्हणून त्यांनीं अपेनाइन पर्वताचा पश्चिमेकडील घाट राबता केला. पुढें ती सरहद्द नाहींशी झाली, लोंबार्ड राजेही गेले; पण वाट राहिली, आणि तिच्यावरील धर्मशाळा, सराफ व सराया यांच्या जोरावर सियेना वाढलें. फ्लॉरेन्स त्या वाटेवर नव्हतें, म्हणून यादींत नव्हतें. जें शहर आज ठळक अक्षरांत आहे तें दहाव्या शतकाच्या यादींत मुळींच नसावें, एवढ्यावरूनच यादी म्हणजे योग्यतेचा पुरावा नव्हे हें उघड होतें.

सोळाव्या शतकांत कारणें बदलतात. फ्रेंच निबंधकार माँतेन हा इ. स. १५८०–८१ त इटलींत हिंडला. त्यास मूतखड्याची व्यथा होती; त्यामुळें देवळें व पुतळे यांच्या बरोबरीनें औषधी पाण्याचीं कुंडें त्याच्या मुक्कामांत आढळतात. लुक्काजवळच्या डोंगरांतील स्नानस्थानीं तो दोनदां जाऊन राहिला, पाणी किती प्यालें व त्यानें काय गुण आला याच्या नोंदी ठेवीत बसला, आणि बोर्दो शहराचा नगराध्यक्ष म्हणून आपली निवड झाल्याची वार्ता सप्टेंबर १५८१ त त्यास तेथेंच मिळाली. त्याच्या रोजनिशीचा कांहीं भाग त्यानें स्वतः इटालियन भाषेंत लिहिला आहे. ती छापण्यासाठीं लिहिलेली नव्हती. सुमारें एकशें नव्वद वर्षें ती त्याच्या वाड्यांत एका पेटींत पडून होती, इ. स. १७७० त सांपडली, १७७४ त छापली गेली, आणि त्यानंतर मूळ हस्तलिखित मात्र गहाळ झालें. छापून झालें म्हणजे हस्तलिखिताचें काम संपलें असें मानणारे गृहस्थ आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठीं हें उदाहरण येथें नमूद करून ठेवतों.

इंग्रज उमरावांच्या मुलांची जी 'ग्रँड टूर', म्हणजे थोरली फेरी, तिचें नांव छापील पुस्तकांत प्रथम येतें तें रिचर्ड लासेल्स याच्या इटली-प्रवासाच्या ग्रंथांत. लासेल्स हा कॅथॉलिक पाद्री. तरुण सरदारांचा शिक्षक म्हणून तो पांच वेळां इटलीस गेला, आणि त्याचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६७० त पॅरिस येथें छापलें गेलें. या फेरीचे मुक्काम सणांनीं व तापानें ठरविले असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हिवाळा नेपल्सला काढावयाचा. ईस्टरपूर्वींच्या पवित्र सप्ताहास रोमला यावयाचें. आणि मे महिन्याच्या सुमारास ख्रिस्तारोहणाच्या सणास व्हेनिस गांठावयाचें, कारण त्या दिवशीं तेथील अध्यक्ष शृंगारलेल्या नावेंतून जाऊन समुद्रांत सोन्याची अंगठी टाकीत असे व शहराचा समुद्राशीं विवाह लावीत असे. इ. स. १७९७ त व्हेनिसचें गणराज्य बुडालें व तो सोहळा थांबला. उन्हाळ्यांत रोमभोवतींच्या मैदानांत राहणें जिवावरचें समजलें जाई. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन. त्याचा अर्थ वाईट हवा. दोष हवेचा नसून डांसाचा आहे हें शोधण्याचें पहिलें मोठें काम आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, रॉस यानें इ. स. १८९७ त केलें आणि मनुष्याच्या तापाबाबत त्याची सिद्धता पुढच्याच वर्षीं ग्रास्सी व त्याचे सहकारी यांनीं इटलींत केली. तोंपर्यंत मुक्काम-यादीचा क्रम ठरून गेला होता.

यापुढें मुक्काम ठरवूं लागलें तें पुस्तक. फ्रेंच ज्योतिषी लालांद यानें इ. स. १७६९ त इटलीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा भरपूर उपयोग करून जर्मन लेखक फोल्कमान यानें १७७०–७१ त आपला ग्रंथ सिद्ध केला, आणि फोल्कमानाचा ग्रंथ सामानांत घेऊन महाकवि गटे १७८६ त इटलींत उतरला. स्वतंत्र बुद्धीचा असा पुरुष दुसरा दाखविणें कठिण. तरी त्याचें वर्तन पाहावें. रोमला पोंचण्याच्या घाईंत फ्लॉरेन्स त्यानें अवघ्या तीन तासांत आटोपलें. असीसी येथें गेल्यावर प्राचीन रोमन काळचें मिनर्व्हा देवीचें मंदिर त्यानें भक्तिभावानें पाहिलें, कारण पल्लादिओ व फोल्कमान यांच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख होता. आणि ज्या फ्रान्सिस संताच्या देवळांतील भित्तिचित्रांसाठीं आज लोक असीसीला जातात, त्याकडे त्यानें पाठ फिरविली. उलटपक्षीं दक्षिणेस पेस्तुम येथें तीन ग्रीक मंदिरें दोन हजारांहून अधिक वर्षें उघड्या माळावर उभीं होतीं. गांवचे लोक त्यांजवळ गुरें चारीत; पण यादींत तीं नव्हतीं. हर्क्युलेनियमचें खोदकाम १७३८ त व पाँपेईचें १७४८ त सुरू झालें, प्राचीन वस्तूंची गोडी वाढली, आणि त्यानंतर लोकांचें लक्ष पेस्तुमकडे गेलें. १७८७ त गटे तेथें गेला. दगड तेच होते. यादी बदलली होती.

आतां सदर मित्रांच्या यादींत बारीक अक्षरांत असलेल्या व्हेरोना शहराकडे वळूं. या एका गांवाविषयीं आम्ही अंमळ विस्तारानें लिहिणार आहों.

व्हेरोना हें आल्प्स उतरून येणाऱ्यांच्या वाटेवरचें शहर. तेथें रोमन काळचें रंगमंडळ चांगल्या स्थितींत उभें आहे, आणि जाणारा-येणारा प्रवासी तें पाहून पुढें जात असे. इ. स. १८१६ सालीं दोन प्रसिद्ध पुरुष या गांवीं दोन महिन्यांच्या अंतरानें उतरले. एक रोमचा इतिहासकार नीबूर. प्रशियाचा वकील म्हणून पोपाच्या दरबारीं रुजू होण्यास तो चालला होता. दुसरा इंग्रज कवि बायरन. बायरन यानें नोव्हेंबरांत तेथें ज्युलिएटची म्हणून दाखविली जाणारी दगडी शवपेटी पाहिली, आणि मुलीला व भाच्यांना देण्यासाठीं तिचे कांहीं कपचे बरोबर घेतले. नीबूर सप्टेंबरांत आला. त्याचाही मुक्काम थोडाच होता. परंतु तो मुख्य देवळाच्या धर्ममंडळाच्या ग्रंथालयांत जाऊन बसला. तेथें त्यास संत जेरोम याच्या पत्रांचें एक चर्मपत्री पुस्तक मिळालें. चामडें महाग म्हणून जुनें लेखन खरवडून त्यावर नवें लिहिण्याची युरोपांत चाल होती. या पुस्तकांतही पत्रांच्या ओळींखालीं जुन्या अक्षरांच्या छटा दिसत होत्या. नीबूरनें मायफळाचा अर्क लावून कांहीं ओळी उजळल्या व त्यांची नक्कल साव्हिन्यी या व्यवहारशास्त्रज्ञ मित्रास कळविली. तो ग्रंथ दुसऱ्या शतकांतील रोमन व्यवहारशास्त्री गायस याचा होता, हें साव्हिन्यीनें ओळखलें. जस्टिनियन बादशहाच्या विधिग्रंथाचा जो पाया, तो हा ग्रंथ. आणि तोंपर्यंत तो तुटक उताऱ्यांवरून व एका जुन्या संक्षेपावरून काय तो ठाऊक होता. बर्लिनच्या विद्वत्परिषदेनें मुद्दाम माणसें पाठवून सर्व पानें वाचविलीं, व इ. स. १८२० त ग्रंथ छापून निघाला. वाचनासाठीं लावलेल्या द्रव्यांनीं मात्र पुढें कांहीं पानें काळवंडलीं व त्यांचें नुकसान झालें. आपल्याकडे पुसट मोडी कागदांवर नाना प्रकारचे प्रयोग करणाऱ्यांनीं याची दखल घ्यावी.

या ग्रंथालयाची कथा तेथेंच संपत नाहीं. इ. स. १३४५ त पेत्रार्क यास सिसरोचीं अॅटिकस या मित्रास लिहिलेलीं पत्रें याच शहरांत सांपडलीं. पुढें कित्येक जुन्या पोथ्या नाहींशा झाल्याची समजूत होऊन बसली होती. आदिजे नदीच्या पुराच्या भीतीनें कोणीं त्या एका उंच कपाटाच्या माथ्यावर रचून ठेविल्या होत्या, आणि मागून येणाऱ्यांस त्याचा विसर पडला. इ. स. १७१२ त माफ्फेई या विद्वानाच्या आग्रहानें शोध झाला तेव्हां त्या जागच्या जागीं निघाल्या. जानेवारी १९४५ त बाँबफेकीनें ग्रंथालयाची इमारत पडली. परंतु मौल्यवान पोथ्या आधींच सुरक्षित जागीं हलविल्यामुळें वांचल्या.

एवढें असतां आज व्हेरोनास गर्दी लोटते ती ज्युलिएटच्या घरापुढें. या ज्युलिएटचा पुरावा काय? मासुच्चो या कथाकारानें इ. स. १४७६ त अशाच दोन प्रेमिकांची कथा छापली, ती सियेना येथें घडलेली म्हणून. सुमारें अर्धशतकानंतर लुइजी दा पोर्तो यानें नांवें बदलून ती व्हेरोनास आणली, आणि शेक्सपीअरकडे ती त्याच वळणानें गेली. घराच्या दर्शनी भिंतीवरील सज्जा तर विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत बसविलेला आहे. मासुच्चोची कथा टिकती तर हीच गर्दी सियेनास झाली असती. लोकांनीं सज्जा पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कथेला गांव लागतें, आणि गांवाला पोट आहे. पण बनावट सज्जा व खरी पोथी यांच्यामध्यें थोड्या मिनिटांची वाट असतां, संशोधक म्हणविणाऱ्यानें पहिलें पाहून आगगाडी धरावी हें आम्हांस पटत नाहीं.

आगगाडीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. मरेचें उत्तर इटलीचें हस्तपुस्तक इ. स. १८४२ चें, कुकची पहिली इटली-सफर १८६४ ची, आणि ब्रेनरच्या घाटांतून लोहमार्ग झाला १८६७ त. मोजके दिवस घेऊन निघालेला प्रवासी यानंतर वाढला, आणि रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस यांची त्रयी मोजक्या दिवसांत बसते म्हणून पक्की झाली. हिंदुस्थानाशीं प्रत्यक्ष संबंध आला तो ब्रिंदिसी बंदरानें. इ. स. १८७० त फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, मार्सेची वाट अडली, आणि त्याच वर्षापासून विलायतची डाक ब्रिंदिसीवरून मुंबईकडे येऊं लागली. पुढें पहिल्या महायुद्धापर्यंत इकडील कित्येक लोकांनीं इटली पाहिली ती डाकेच्या सोयीनें.

त्याच १८७० सालीं कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज इंग्लंडहून परत येत असतां फ्लॉरेन्स येथें उतरले होते. वय अवघें वीस वर्षांचें. प्रकृति बिघडली, व ३० नोव्हेंबर १८७० रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीच्या राज्याची राजधानी होतें. रोम इटालियन फौजेनें सप्टेंबरांतच घेतलें होतें, पण दरबार अद्याप हलला नव्हता. दहनाची चाल त्या शहरास अपरिचित. तथापि अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली, आणि शहराच्या पश्चिमेस काश्शीने नांवाच्या उपवनाच्या टोंकाशीं, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांस अग्नि देण्यांत आला. संगमाची जागा पाहून निवडली यांत बरोबरच्या मंडळींची धर्मबुद्धि दिसते. इ. स. १८७४ त तेथें छत्री उभारली व तिच्याखालीं फुलर या शिल्पकारानें केलेला महाराजांचा अर्धपुतळा बसविला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. जवळच १९७८ त पुरा झालेला नदीवरील मोठा पूल 'इंडियानो' म्हणजे हिंदी गृहस्थाचा पूल या नांवानें ओळखला जातो. महाराज या प्रवासांत इंग्रजींत रोजनिशी लिहीत असत. ती कॅप्टन वेस्ट यांनीं इ. स. १८७२ त लंडन येथें छापून प्रसिद्ध केली. प्रवास-कंपन्यांच्या यादींत ही छत्री नसते. त्यांनीं ती कां घालावी? पण आपल्या यादींत ती नसावी याचें मात्र आम्हांस नवल वाटतें.

फ्लॉरेन्सशीं आपला संबंध यापूर्वींचाही आहे. तेथील व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती हा इ. स. १५८३ त कोचीनला आला व १५८८ त गोव्यांत वारला. घरीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें देव, सर्प व सहापासून नऊपर्यंतचे आंकडे यांची संस्कृत नांवें आपल्या भाषेंतील नांवांशीं जुळतात असें नमूद केलें. विल्यम जोन्स याचें प्रसिद्ध भाषण १७८६ चें, म्हणजे सुमारें दोनशें वर्षांनंतरचें. त्याच शहरांतील प्राध्यापक दे गुबेर्नातिस यांनीं १८८५–८६ त हिंदुस्थानांत फिरून हस्तलिखितें नेलीं. फ्लॉरेन्सच्या संस्कृत पोथ्यांची आउफ्रेख्तनें केलेली यादी १८९२ त प्रसिद्ध झाली आहे. ज्यांस पोथ्यांचा नाद आहे त्यांनीं ही यादी निघण्यापूर्वीं वाचून जावें.

व्हेनिसला जावयाचें तें मनुचीसाठीं. निकोलाओ मनुची हा मूळचा तेथला. लहानपणीं घर सोडून आला तो परत गेलाच नाहीं. इ. स. १६६५ त पुरंदरच्या मोहिमेंत मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत त्यानें शिवाजी महाराजांस पाहिलें व त्यांच्याशीं भाषण केलें. स्वतः तो गेला नाहीं, पण त्यानें लिहिलेला मोगलांचा इतिहास गेला. त्याचीं हस्तलिखितें मार्चियाना ग्रंथालयांत व बर्लिन येथें आहेत, आणि अर्व्हिन साहेबांचें इंग्रजी भाषांतर १९०७–०८ त निघालें. येथें एक सूचना. मनुचीनें मीर महंमद या चित्रकाराकडून काढवून घेतलेला चित्रसंग्रह, ज्यांत शिवाजी महाराजांचें अश्वारूढ चित्र आहे, तो व्हेनिसला मिळणार नाहीं. इ. स. १७९७ च्या लुटींत फ्रेंचांनीं तो पॅरिसला नेला व तो आजही तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. चित्रासाठीं व्हेनिसला जाणाऱ्याचा हेलपाटा होईल.

रोमविषयीं थोडक्यांत. व्हॅटिकनचें दप्तर अभ्यासकांस इ. स. १८८१ त तेराव्या लिओ पोपानें खुलें केलें. जेझुइट संघाच्या दप्तरांत गोवा प्रांताचीं पत्रें आहेत. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत व्हॅटिकनचें ग्रंथालय बंद असतें, म्हणजे उन्हाळ्यांत रोम टाळण्याची जुनी रीत ताप गेला तरी आपल्याला पाळावीच लागते. मित्रांची सुट्टी मे महिन्यांतली, ही त्यांतल्या त्यांत सोय. ओळखपत्र व विद्यापीठाचा दाखला मात्र येथूनच न्यावा.

असो. मित्रांस आम्हीं जें कळविलें तें असें : व्हेरोना तीन दिवस, त्यांतील दोन ग्रंथालयांत, व्हेनिस चार, फ्लॉरेन्स पांच, लुक्का एक व सियेना एक, सिजेरिकाच्या वाटेनें, उरलेले सात रोमला. नेपल्स, पाँपेई व काप्री गाळलीं आहेत, कारण एकवीस दिवसांत तीं घातलीं तर पोथ्यांचे दिवस जातात. काप्रीबद्दल मित्रांच्या कुटुंबांतून हरकत येण्याचा संभव त्यांनीं कळविला आहे. ती आल्यास रोमचे दोन दिवस कमी करावे, व्हेरोनाचे करूं नयेत. फ्लॉरेन्सला पोंचल्यावर पहिल्याच दिवशीं ऊन उतरल्यानंतर आर्नोच्या कांठानें काश्शीनेच्या टोंकापर्यंत पायीं जावें. वाट सपाट आहे.